भिंग पुसताना जपायचे कोणाला?

तुळशीची लग्ने लागली की वाई परिसरातल्या फोटोग्राफरांच्या बॅगा उघडतात. पावसाळाभर कपाटात पडून राहिलेले कॅमेरे बाहेर येतात. मेणवलीच्या घाटावर, धोम धरणाच्या कडेला लग्नाआधीच्या फोटोंसाठी जोडपी उभी राहू लागतात, आणि नेमके तेव्हाच कोणाला तरी आपल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे दिसतात. ती बुरशी असते. मग मोबाइलवर उपायांचा शोध सुरू होतो. कोणी थिनर सांगतो, कोणी पेट्रोल, कोणी सॅनिटायझर, कोणी फॉर्मेलिनची धुरी, तर कोणी लेन्स दोन दिवस कडक उन्हात ठेवायला सांगतो.

‘गंगाजल’ (२००३) आणि ‘स्वदेस’ (२००४) यांच्या चित्रीकरणापासून वाईला कॅमेऱ्याचे अप्रूप उरलेले नाही. पूर्वी मुंबईहून येणारी यंत्रे आता इथल्याच पोरांच्या हातात आहेत. कर्ज काढून घेतलेला कॅमेरा, भाड्याने आणलेली लेन्स, लग्नसराईचे मोजके महिने. एवढ्या महागाच्या वस्तूवर बुरशी दिसली की माणूस घायकुतीला येणारच. पण सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरने या विषयावर लिहिण्याचे कारण लेन्सची किंमत हे नाही. तिच्यासाठी जे द्रव घरात आणले जातात, ते बहुधा पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत येतात. बंद खोलीत उघडले जातात. आणि त्याच टेबलाभोवती घरातली लहान मुले खेळत असतात. लेन्सचे नुकसान भरून काढता येते. बाकीच्याचे नेहमी येतेच असे नाही.

आधी बुरशीचे पाहू. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पसरणीचा घाट उतरून वाईत आले की तो एकदम कमी होतो. त्यामुळे वाईकरांना वाटते की बुरशी वरच्यांची, आपल्याला तिची काळजी नाही. पण बुरशी पाऊस मोजत नाही, ती हवेतली आर्द्रता पाहते. सापेक्ष आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली आणि तापमान दहा ते पस्तीस अंशांच्या दरम्यान असले की तिचे बीजाणू रुजतात. आषाढ-श्रावणात वाईतल्या बंद कपाटात याहून वेगळे काही नसते. तिला खायला काच लागत नाही. बोटाच्या ठशातला तेलकटपणा, धूळ, कातडी बॅगेचा अंश एवढे तिला पुरते. खाताना ती जी आम्ले सोडते, त्यांनी काचेवरचा अतिपातळ लेप आणि पुढे काचच खरवडली जाते. म्हणून बुरशी पुसून गेली तरी तिची नक्षी मागे राहते, आणि ती कोणत्याही द्रवाने जात नाही. हे एकदा समजून घेतले की निम्मे उपाय बाद होतात.

हा प्रश्न नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलात सैन्याच्या दुर्बिणी काही आठवड्यांत आंधळ्या होऊ लागल्या, तेव्हा मेलबर्न विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ या कामाला लावले गेले. त्यांनी दुर्बिणींच्या आत पाऱ्याचे एक संयुग वापरून बुरशी रोखली. ते संयुग आम्हा डॉक्टरांच्या ओळखीचे आहे. थायोमर्सल या नावाने तेच अत्यल्प प्रमाणात बहुमात्रा लसींच्या कुप्यांत जंतू वाढू नयेत म्हणून घातले जाते. लसीविषयी अकारण भीती पसरवणाऱ्यांच्या तोंडी हे नाव अधूनमधून असते, तो वेगळा विषय.

आमच्या घरातही भिंगे असतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सूक्ष्मदर्शकावर क्षयाच्या थुंकीची आणि हिवतापाच्या रक्ताची काचपट्टी तपासली जाते. तिथे शंभरपटीचे भिंग तेलात बुडवावे लागते. ते तेल रोज पुसले नाही तर चिकटून बसते, आणि पावसाळ्यात यंत्र उघडे राहिले तर बुरशी धरते. धूसर भिंगातून जंतू दिसला नाही तर अहवाल ‘नाही’ असा जातो आणि रोगी खोकत घरी जातो. यावर जुन्या तंत्रज्ञांचा उपाय फार साधा आहे. सूक्ष्मदर्शकाच्या लाकडी पेटीत किंवा कपाटात कमी वॅटचा पिवळा दिवा लावून ठेवायचा, नाहीतर सिलिका जेल ठेवायचे. दिव्याची ऊब हवा कोरडी ठेवते. तेल काढायला झायलीन वापरतात, तेही लेन्सच्या कागदावर थेंबभर. जास्त झाले तर भिंगे जोडणारा डिंक सुटतो आणि वास घेणाऱ्या तंत्रज्ञाचे डोके धरते. ज्या खात्यात साध्या बल्बसाठीही मागणीपत्र लिहावे लागते, तिथे ही शिस्त टिकून आहे हे विशेषच.

म्हणजे मुळात कोरडेपणा हेच औषध आहे आणि द्रव हा शेवटचा उपाय. आपल्याकडे नेमके उलटे चालते.

फॉर्मेलिनपासून सुरुवात करतो, कारण तो उपाय रुग्णालयांतूनच बाहेर गेला असावा. शस्त्रक्रियागृहात दुर्बिणी ठेवायला फॉर्मेलिनच्या गोळ्यांचे डबे असत, काही ठिकाणी अजून आहेत. ते पाहून कोणीतरी लेन्सही तशाच डब्यात ठेवायला सांगितले असेल. फॉर्मेलिनची वाफ बुरशी मारते हे खरे. पण ती डोळे आणि घसा जाळते, दम्याच्या रुग्णाला झटका आणते, आणि फॉर्माल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. रुग्णालयांनीच ज्याच्यापासून दूर जायला हवे, ते झोपायच्या खोलीतल्या प्लास्टिकच्या डब्यात नको.

थिनर आणि नखांचा रंग काढायचे द्रव लेन्सच्या कडेचे प्लास्टिक व रंग विरघळवतात. थिनरमध्ये बहुतेक वेळा टोल्युइन असते. लहान खोलीत, पंखा बंद करून (धूळ उडू नये म्हणून तो हमखास बंद केलेला असतो) अर्धा तास काम केले की डोके जड होते, मळमळते, चक्कर येते. शेजारी उदबत्ती किंवा विडी पेटलेली असेल तर भडका उडायला वेळ लागत नाही. पेट्रोलचेही तेच. सॅनिटायझर करोनाकाळापासून प्रत्येक घरात आहे, पण त्यात हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन घातलेले असते. ते लेन्सवर तेलकट पडदा धरते, म्हणजे बुरशीला पुढच्या जेवणाची सोय होते. दवाखान्यातल्या स्पिरिटमध्येही इतर पदार्थ मिसळलेले असू शकतात.

मिथेनॉलविषयी जरा थांबून लिहितो. कॅमेऱ्याचा सेन्सर पुसण्यासाठी विकल्या जाणाऱ्या काही द्रवांत शुद्ध मिथेनॉल असते, कारण ते उडून जाते आणि मागे डाग ठेवत नाही. दुकानातून सुटे ‘स्पिरिट’ आणले तर त्यात ते किती आहे हे सांगणारे कोणी नसते. मिथेनॉल पोटात गेले की शरीर त्याचे फॉर्मिक आम्ल करते आणि ते आम्ल डोळ्याच्या मज्जातंतूवर घाला घालते. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, ती याच मिथेनॉलने. पहिल्या काही तासांत फारसे काही जाणवत नाही, साधी नशा वाटते. नंतर दृष्टी धूसर होते, समोर बर्फ पडत असल्यासारखे दिसते, श्वास वाढतो. तोवर बरेच नुकसान झालेले असते. वेळेत आला तर उतारा आहे, डायलिसिस आहे. पण वेळेत यायला बाटलीत काय होते हे कोणाला तरी ठाऊक असावे लागते. मिथेनॉल त्वचेतून आणि श्वासातूनही शरीरात जाते. थेंब-दोन थेंबांनी काही होणार नाही, पण रोज दहा कॅमेरे साफ करणाऱ्या दुकानातल्या मुलाने हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी.

उन्हाचा उपाय निरुपद्रवी वाटतो, तसा तो नाही. झाकण न लावलेली लेन्स उन्हात ठेवणे म्हणजे शाळेत बहिर्गोल भिंगाने कागद जाळायचो तोच प्रयोग गादीवर किंवा लाकडी खिडकीत करणे. शिवाय बुरशी मारणारे अतिनील किरण काचेतून फारसे आत जातच नाहीत. करोनाकाळात घेतलेल्या अतिनील दिव्याच्या पेट्यांचेही तेच. आतल्या भिंगावर परिणाम नाही, आणि दिव्याकडे पाहणाऱ्याचे डोळे मात्र रात्री वाळू गेल्यासारखे खुपतात.

आता बॅगेत ठेवायच्या वस्तू. आपल्या घरांत कपड्यांच्या पेटीत डांबराच्या गोळ्या नाहीतर कापूर टाकायची पद्धत आहे, तीच कॅमेऱ्याच्या बॅगेत आली. कॅमेरा बनवणाऱ्या कंपन्याच आपल्या माहितीपुस्तिकेत या दोन्हींजवळ कॅमेरा ठेवू नका असे सांगतात. पण ती पुस्तिका उघडतो कोण? डांबराच्या गोळीतले नॅप्थलीन लहान मुलाने गिळले आणि त्याच्या रक्तात एका विशिष्ट विकराची जन्मजात कमतरता असली तर लाल पेशी फुटू लागतात. कापूर तर त्याहून कडक. लहानग्याला थोड्या कापरानेही झटके येतात. देवघरातली वस्तू म्हणून तो निर्धोक मानला जातो, पण शरीर त्याची जागा विचारत नाही.

सिलिका जेल वापरावे, तेच योग्य आहे. त्याची पुडी मुलाने तोंडात घातली तर विषबाधा होत नाही, घशात अडकण्याचा धोका मात्र असतो. निळे दाणे, जे ओलावा शोषून गुलाबी होतात, त्यांत कोबाल्ट क्लोराइड असते. ते टाळून नारिंगी दाणे घ्यावेत. आणि दाणे पुन्हा कोरडे करण्यासाठी स्वयंपाकाचा तवा किंवा कढई वापरू नये, जुने भांडे वेगळे काढावे. रबरी पट्टीचा घट्ट झाकणाचा डबा, त्यात मूठभर सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र, एवढी सामग्री बहुतेकांना पुरते. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राहावा. त्याहून फार खाली गेला तर रबर आणि वंगण सुकते.

आता त्या छोट्या यंत्रातच एक गोष्ट असते जिची मला या सगळ्या द्रवांपेक्षा जास्त धास्ती वाटते. ती म्हणजे बटणासारखा चपटा सेल. रिमोटमध्ये, जुन्या कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकात, आर्द्रतामापकात तो असतो. सफाई करताना सगळे सुटे करून टेबलावर मांडले जाते, आणि रांगत्या मुलाला चकाकणारी गोल वस्तू हाताशी मिळते. वीस मिलिमीटरचा, तीन व्होल्टचा सीआर २०३२ लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो. ओलाव्यामुळे त्याच्यातून वीज वाहू लागते आणि त्याच्या कडेला तीव्र अल्कली तयार होते. दोन तासांत अन्ननलिका खोलवर भाजू शकते, पुढे तिला भोक पडते. फुटत नाही, चावत नाही, म्हणून घरचे ‘शौचावाटे पडेल’ म्हणून थांबतात. नाणे गिळले असेल तर ते बऱ्याचदा पडतेही, पण सेल नाण्यासारखा नसतो. क्ष-किरण चित्रात त्याच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसते, त्यावरून ओळखतात, म्हणून शंका आली तरी चित्र काढलेच पाहिजे. मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळून बारा तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल तर रुग्णालयात जाताना दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध द्यावा. त्याने जळणे मंदावते. मधासाठी थांबू मात्र नये, वाटेतच द्यावा. वर्षाखालच्या बाळाला मध नाही. दुसरे काही खायला देऊ नये, उलटी करवू नये.

उलटीचा हा नियम रॉकेल, पेट्रोल, थिनर यांनाही लागू आहे. आजही मुलाने असे काही प्यायले की मिठाचे पाणी पाजून ओकारी काढायचा प्रयत्न होतो. हे द्रव पोटात असताना जेवढे घातक, त्याहून फुप्फुसात गेल्यावर कितीतरी घातक असतात, आणि ओकताना ते नेमके तिथेच जातात. मूल खोकत असेल, श्वास जलद असेल तर सरळ बसवून आणावे, आणि बाटली सोबत आणावी. बाटलीचे महत्त्व नातेवाइकांना पटत नाही. आम्हाला ती रक्ताच्या तपासणीपेक्षा लवकर उत्तर देते.

मग लेन्स पुसायची तरी कशी? बहुतेक वेळा पुसायचीच नाही. वाईजवळच्या बावधनचे बगाड रंगपंचमीला निघते, त्या गर्दीत कॅमेरा घेऊन उभा राहिलेला माणूस गुलालाने माखून परततो. जेजुरीला किंवा कराड तालुक्यातल्या पालीला खंडोबाच्या यात्रेत तर भंडाऱ्याने कॅमेरा पिवळा होतो. अशा वेळी पहिला मोह शर्टाच्या टोकाने पुसण्याचा असतो. त्या पुडीत आणि धुळीत मातीचे कण असतात, ते काचेवर ओढले गेले की ओरखडे उठतात. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ओल्या फडक्याने तो फक्त पसरतो. आधी रबरी फुग्याने हवा मारून सगळे कोरडेच उडवायचे, लेन्सचे तोंड खाली धरून. मग मऊ ब्रशचा हात फिरवायचा. तरी डाग राहिला तरच धुतलेल्या सूक्ष्मतंतू कापडावर किंवा लेन्सच्या कागदावर लेन्ससाठीच विकला जाणारा द्रव एक थेंब घ्यायचा (तो नसेल तर शुद्ध आयसोप्रोपाइल अल्कोहोल), थेट काचेवर नाही, आणि मधून कडेकडे गोल फिरवायचे. हे काम अंगणात किंवा गॅलरीत करावे. धुळीने दमा चाळवणाऱ्यांनी मास्क लावावा. बुरशी लागलेली बॅग झटकतानाही.

तोंडाने फुंकर मारली की थुंकीचे तुषार उडतात. दाबाखालच्या हवेचे डबे मिळतात, त्यांत साधी हवा नसते, ज्वालाग्राही वायू असू शकतो. डबा तिरका धरला की द्रव उडून काच गोठते. हा वायू नशेसाठी हुंगल्यास हृदयाचे ठोके बिघडून जागच्या जागी मृत्यू येऊ शकतो, तेव्हा घरात किशोरवयीन मुले असतील तर रबरी फुगाच बरा. फ्लॅश उघडायच्या भानगडीत कोणी पडू नये. सेल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास विद्युतभार टिकून असू शकतो. आतल्या भिंगावर बुरशी असेल तर ती लेन्स सरळ दुरुस्तीवाल्याकडे द्यावी आणि खर्च लेन्सच्या किमतीच्या तुलनेत पाहावा. थोडीशी बुरशी फोटोत दिसतही नाही.

अनेकांना विचारावेसे वाटते म्हणून सांगतो, लेन्सवरची बुरशी माणसाला लागत नाही. २०२१ मध्ये ‘काळ्या बुरशी’ने जो हाहाकार केला तो अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइड यांच्या संयोगाने. लेन्सवरची बुरशी, भाकरीवरची बुरशी यांचे बीजाणू तसेही रोज आपल्या श्वासात जातात.

वाईहून निघालेली कृष्णा पुढे सांगलीला जाते, आणि तिथला अनुभव याहून वेगळा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फूट गाठले. अशा पुरात दुकाने आणि घरे बुडतात तेव्हा कॅमेरेही बुडतात. पुरातून काढलेला कॅमेरा चालतो का म्हणून लगेच बटण दाबू नये, चार्जिंगला तर मुळीच लावू नये. फुगलेली लिथियम बॅटरी घरात ठेवू नये, ती पेटते. आणि पुराच्या गाळाने माखलेली वस्तू उघड्या हाताने, तेही हाताला चीर असताना पुसू नये, कारण त्या गाळात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात. रबरी हातमोजे, साबण, आणि नंतर आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरला ‘मी पुराच्या पाण्यात होतो’ हे न विचारता सांगणे.

या सगळ्यात यंत्रणेने करायची एक गोष्ट उरते, आणि ती फोटोग्राफरच्या हातात नाही. हार्डवेअरच्या आणि रंगाच्या दुकानातून थिनर, स्पिरिट सुट्या बाटलीत ओतून दिले जाते. वर नाव नाही, धोक्याची खूण नाही. प्रशासन सणासुदीला खवा तपासते, त्याच फेरीत या बाटल्याही पाहता येतील. मूळ डब्यातूनच विक्री आणि मराठीत ठळक नाव, एवढे जरी झाले तरी रात्री अकरा वाजता आमच्यासमोर बेशुद्ध मूल आणि बिनलेबलाची बाटली येते तेव्हा अंदाजाने औषध द्यायची वेळ कमी येईल. तोवर घरी आणलेल्या बाटलीवर स्वतःच चिठ्ठी चिकटवा, ती वरच्या फळीवर कुलपात ठेवा. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषमाहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ चोवीस तास चालू असतो. काय प्यायले, किती, आणि मुलाचे वजन किती हे तीन प्रश्न तिथे आधी विचारले जातात. रुग्णवाहिकेसाठी १०८.